शहाण्यासारखं वागायचं

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. ज्या कुणी ही म्हण काढली, तो एकदा ताईच्या तावडीत सापडायला हवा होता. त्याला त्याच पायरीवर बसवून तिनं विचारलं असतं, "शहाण्याचं कळलं हो. पण जो शहाणा नाही, त्याला चौघं धरून वर नेतात, त्याचं काय करायचं ते सांगा की!"

ताई ड्रायक्लीनिंगच्या दुकानात इस्त्रीच्या टेबलावर काम करायची. मशीनच्या घरघरीत हळू बोललेलं कुणाला ऐकू जात नाही, त्यामुळे तिचा आवाज कायमचा चढलेला. वकिलाच्या त्या एवढ्याशा खोलीतही ती त्याच आवाजात बोलत होती. वकील सरकारनं फुकट दिलेला. पोरगेलासा, मनानं चांगला, पण बोलता बोलता फोन घेणारा आणि फोनवर बोलता बोलता दुसऱ्याच कुणाची फाईल शोधणारा. त्यानं तिच्यापुढे दोन पानं सरकवली. तिच्या धाकट्या भावाची तुरुंगात डोक्याची तपासणी झाली होती, तिचा हा अहवाल.

ताईनं ओळीखाली बोट धरून वाचायला घेतलं. पोशाख नीटनेटका. वागणं नम्र. नजरेला नजर देऊन बोलतो. किती वाजले विचारल्यावर बरोबर सांगितलं. स्वतःची सही वळणदार करतो. विचारलेलं सगळं समजल्याचं सांगतो.

"अगंबाई, किती छान लिहिलंय!" ती म्हणाली. तिचा ऊर भरून आला होता. भावाबद्दल कागदावर इतकं चांगलं आजवर कुणी लिहिलं नव्हतं.

वकिलानं कपाळाला हात लावला. "ताई, अहो, आपण अपील कशावर केलंय?"

"राववर अन्याय झालाय, त्यावर."

"त्याला समजत नाही, यावर केलंय! त्याची समज पाच-सहा वर्षांच्या पोराएवढी आहे, म्हणून त्याची कबुली धरू नका, म्हणून शिक्षा कमी करा. आणि हा अहवाल म्हणतोय की माणूस चांगला धडधाकट आहे. हे सरकारी वकिलाच्या हातात म्हणजे आयतं कोलीत."

ताईचा चेहरा उतरला. मग लाल झाला. "एका तासात काय कळणार त्या तपासणीवाल्या बाईला? माझ्या भावाला ओळखायला जन्म जातो!"

"त्याला तुम्ही काही सांगितलं होतं का तपासणीआधी?"

"काय सांगणार? इस्त्रीचा शर्ट पाठवला आणि म्हटलं, बाई येणार आहेत, शहाण्यासारखं वागायचं."

वकिलानं 'पोशाख नीटनेटका' या ओळीवर बोट ठेवलं. त्यानं खिडकीकडे पाहिलं, आणि ताईला आपण काय करून बसलो ते हळूहळू उमजायला लागलं.

राव म्हणजे तिचा भाऊ. नाव वेगळं होतं, पण आई त्याला राव म्हणायची आणि अहो-जाहो करायची. "राव, उठा. राव, तोंड धुवा." बाहेरचं जग याला धड अरे-तुरेसुद्धा करणार नाही, हे तिला पाळण्यातच कळलं होतं, म्हणून घरात तिनं भरपाई केली. डॉक्टरांनी कागद करून देतो म्हटलं, शाळेच्या बाईंनी वेगळ्या शाळेचं नाव सुचवलं. आईनं दोघांनाही वाटेला लावलं. "माझ्या पोराच्या कपाळावर शिक्का नको," म्हणाली. शिक्का नको तो नको. आता वकील जन्मापासूनचे कागद मागत होता आणि ताईकडे एक चिटोरंही नव्हतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

शिक्क्याऐवजी आईनं त्याला युक्त्या शिकवल्या. कुणी काही विचारलं की "हो" म्हणायचं. समजावून सांगितलं की "समजलं" म्हणायचं, हसायचं. किती वाजले विचारलं तर घड्याळाकडे नीट बघायचं आणि म्हणायचं, "दहा वाजायला आलेत." तपासणीच्या दिवशी, नशीब बघा, खरंच दहा वाजायला आले होते! पेपर हातात घ्यायचा, मान हलवायची आणि "काय चाललंय जगात!" म्हणायचं. हे तो इतकं झकास करायचा की शेजारचे आजोबा त्याच्याशी राजकारण बोलायचे. सही शिकायला एक पावसाळा, एक हिवाळा गेला होता. त्या सहीपलीकडे त्याला एक अक्षर येत नव्हतं.

आणि एक नियम होता, सगळ्यांच्या वरचा. घरात तो शब्द उच्चारायचा नाही. मतिमंद. एकदा जिन्यात एका बाईनं तो उच्चारला, तर आईनं हातातली बादली तिच्या अंगावर रिकामी केली होती. मग रावला जवळ घेऊन तिनं सांगितलं, "राव, ऐका. जो तुम्हाला तसं म्हणेल, तो आपला नव्हे. त्याच्याशी भांडायचं नाही, रडायचं नाही. मान वर करायची आणि पाठ फिरवायची. समजलं?"

"हो, समजलं," राव म्हणाला होता. हे मात्र त्याला खरंच समजलं होतं. पुढे आयुष्यभर तो शब्द ऐकला की तो ताठ मानेनं पाठ फिरवायचा, आणि म्हणणाराच ओशाळून निघून जायचा.

आई गेली. ताईनं तिच्या सगळ्या रीती पुढे चालवल्या. राव दुकानात येऊन हॅंगरला कपडे अडकवायचा, कोपऱ्यावर चहा प्यायचा. तिथंच त्याला दोन दोस्त मिळाले. आता दोस्त कसले, टपोरी! पण रावला उभ्या जन्मात कुणी "तू आपला दोस्त" म्हटलं नव्हतं. त्यांनी त्याच्या हातात लोखंडी कांब दिली, घड्याळाच्या दुकानाच्या दारात उभं केलं आणि म्हटलं, "इथंच थांब. कुणाला आतबाहेर जाऊ द्यायचं नाही. समजलं?" त्यांनी आत दुकानदाराला ढकललं, म्हाताऱ्याचा हात मोडला, माल पिशवीत भरला आणि मागच्या दारानं पसार झाले. राव थांबला. लोक जमले, तो थांबला. पोलिसांची गाडी आली, तरी तो थांबला होता, आणि पोलिसांना म्हणाला, "आत जायचं नाही हं."

पुढचं विचारूच नका. "तूच ठरवलंस सगळं?" "हो." "म्हाताऱ्याला तूच पाडलंस?" "हो." "काय लिहिलंय समजलं?" "हो, समजलं." खाली वळणदार सही. दोस्तांपैकी एक सापडला, त्यानंही बोट रावकडेच दाखवलं. वयानं मोठा, म्हणजे म्होरक्या. खालच्या कोर्टानं सात वर्षं ठोकली. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती हीच.

आणि तुरुंगात तर जो तो त्याला विचारत होता, "काय रे, हे तुझंच ना?" कुणाच्या गादीखाली मोबाईल सापडला, रावनं "हो" म्हटलं. कुणी त्याचा स्वेटर मागितला, "हो." ताटातलं मागितलं, "हो." दर भेटीला तो आधीपेक्षा वाळलेला दिसायचा. ओठावर एकदा खूण होती. कुणी मारलं विचारलं तर हसला. सात वर्षांत याचं काय उरेल, हा विचार आला की ताईच्या हातून कपडा जळायचा. जन्मात जळला नव्हता तो आता दोनदा जळला.

तर असा तो अहवाल. ताईनं तो परत वकिलापुढे टाकला. "पुन्हा करायला सांगा तपासणी."

"मागेन. पण नुसतं मागून मिळत नाही. तुम्ही साक्ष द्या. तुम्हीच सांगा, तो कसा आहे ते." मग त्यानं फोन उलटा ठेवला, आणि हे त्यानं पहिल्यांदाच केलं होतं. "आणि ताई, एक गोष्ट. 'साधा आहे', 'भोळा आहे' असलं काही बोलू नका. भोळेपणासाठी शिक्षा कोणी कमी करत नाही. जो शब्द आहे तो वापरायचा."

"तो शब्द आमच्यात बोलत नाहीत."

"मग सात वर्षं बोलू नका," वकील वैतागून म्हणाला, आणि लगेच "माफ करा" म्हणाला.

सुनावणीच्या दिवशी ताई आईची चांगली साडी नेसून गेली. कोर्टात बसायला बाक होते, पण बसल्यावर कोणी ना कोणी उठवायचं. इथं नाही, तिथं. तिथं नाही, बाहेर. बाहेर नाही, तुमचं नाव पुकारलंय ना, मग आत! एका शिपायानं तिला "हळू बोला" असं इतक्या मोठ्यानं सांगितलं की सगळं कोर्ट वळून बघायला लागलं. "आधी तुम्ही हळू बोला," ताई म्हणाली.

तीन न्यायाधीश होते. मधल्या खुर्चीत एक वयस्क बाई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. बाजूच्या कठड्यात राव उभा. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, खिशाला पेन. ताई दिसल्याबरोबर त्याचं तोंड फुललं, आणि मग आठवण येऊन त्यानं ते आवरलं. शहाण्यासारखं वागायचं होतं ना! ताईला वाटलं, जाऊन त्याचा तो शर्ट चुरगाळून टाकावा.

बाईंनीच आधी त्याला विचारलं, "तुम्हाला इथं काय चाललंय ते समजतंय का?"

"हो, समजलं," राव अदबीनं म्हणाला.

"तुम्हाला काही सांगायचंय?"

"हो," राव म्हणाला, आणि पुढे काहीच बोलला नाही. सगळे वाट बघत राहिले. तो हसला. सरकारी वकिलानं हे हसू बरोबर टिपून घेतलं.

मग ताईला बोलावलं. पिंजऱ्याचा कठडा तिनं इस्त्रीच्या मुठीसारखा घट्ट धरला. वकिलानं विचारलं, भाऊ कसा आहे ते सांगा. ताई म्हणाली, तो लहानपणापासून साधा आहे. वकिलानं तिच्याकडे बघून भुवया उंचावल्या. ताई म्हणाली, म्हणजे भोळा आहे, कुणी काही सांगितलं की ऐकतो, त्याच्या मनात पाप नाही. वकिलानं डोळे मिटले.

सरकारी वकील उठला. उंच, गोड बोलणारा माणूस. "बाई, भोळी माणसं मीही पुष्कळ पाहिलीत. आमच्या घरीही आहेत." कोर्टात थोडं हसू झालं. "तुमचा भाऊ घड्याळ बघतो?"

"बघतो, पण..."

"पेपर वाचतो?"

"हातात धरतो हो नुसता!"

"सही करतो?"

"करतो."

"शेजारी सांगतात, राजकारणावर बोलतो."

"अहो, तो एकच वाक्य बोलतो! तेवढंच शिकवलंय त्याला!"

"शिकवलं आणि तो शिकला," सरकारी वकील हात पसरून म्हणाला. "न्यायमूर्ती महोदय, जो माणूस इतकं शिकू शकतो, त्याला चोरी आणि दोस्ती यातला फरक कळू नये, असं या बाईंचं म्हणणं आहे. बहिणीची माया आम्ही समजू शकतो. पण माया हा पुरावा नव्हे. मुळात यांनी आजवर एकदा तरी, एका तरी माणसाला, भावाला काही अडचण आहे असं सांगितलंय का? नाही ना?"

ताईनं रावकडे पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता, मान डोलवत होता, जणू सरकारी वकिलाचं सगळं बोलणं त्याला पटलं होतं. त्याच्या ओठावरची खूण अजून गेली नव्हती. ताईच्या पायातून वर काहीतरी चढत आलं. राग होता तो. वकिलाचा, त्या तपासणीवाल्या बाईचा, त्या दोन भामट्यांचा, मेलेल्या आईचा.

"मतिमंद आहे तो!" ताई ओरडली. मशीनच्या घरघरीत ओरडतात तसंच. "मतिमंद आहे माझा भाऊ! जन्मापासून आहे! त्याला दहाच्या पुढे घड्याळ नाही आणि सहीच्या पुढे अक्षर नाही! हो म्हणायला आम्ही शिकवलंय, कुणी मारू नये म्हणून. तुम्ही आत्ता विचारा त्याला, चंद्र तूच चोरलास का, तो हो म्हणेल! विचारा ना! विचारा!"

कोणी काही विचारलं नाही. सगळे रावच्या कठड्याकडे बघत होते.

रावनं मान वर केली. चेहऱ्यावर राग नव्हता, रडू नव्हतं. शर्टाची कॉलर त्यानं नीट केली, आणि तो शांतपणे वळला. ताईकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"ए, पुढे बघ," पहारेकरी त्याच्या खांद्याला धरून म्हणाला. राव हलला नाही.

"राहू द्या त्यांना," मधल्या खुर्चीतल्या बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढला होता. "हे काय करतायत ते?"

ताईला सांगता येईना. तिच्या वकिलानंच मग सांगितलं. तिनं त्याला केव्हातरी आईच्या त्या नियमाबद्दल सांगितलं होतं. बाईंनी ऐकून घेतलं, बाजूच्या दोघांशी कुजबुज केली आणि हुकूम दिला. तपासणी पुन्हा होईल, दुसऱ्या माणसाकडून, एका तासात नव्हे तर चार-सहा भेटींत, आणि आधी कोणी काही शिकवायचं नाही. महिन्याभरानं पुढची तारीख. तेव्हा बहिणीची साक्ष सविस्तर नोंदवून घेऊ.

बाहेर आल्यावर वकील हसत होता. "ताई, अर्धी लढाई जिंकलो! त्यानं पाठ फिरवली ना, तिथंच..."

"सविस्तर म्हणजे?" ताईनं विचारलं.

"म्हणजे सगळं. लहानपणापासून. काय येतं, काय येत नाही."

"तो शब्दसुद्धा?"

"तो तर लागेलच. पुन्हा पुन्हा लागेल."

"त्याच्यासमोर?"

"आरोपीसमोरच साक्ष होते, ताई. तसा कायदाच आहे." मग त्याचा फोन वाजला.

पुढच्या भेटीच्या दिवशी ताई तुरुंगात गेली. जाळीच्या पलीकडे राव आला, स्टुलावर बसला, आणि पाठ करून बसला. अंगात स्वेटर नव्हता. मानेवरची हाडं दिसत होती.

"राव, अहो, मी आहे. ताई."

पाठ.

"दुकानात सगळे विचारत होते तुम्हाला. तुमचे हॅंगर कुणालाच नीट लावता येत नाहीत."

पाठ.

"अहो, तुमच्यासाठीच बोलले ना मी! तुम्हाला घरी न्यायचंय म्हणून बोलले! मला काय हौस होती का? वळा इकडे! वळा म्हणते ना!" तिचा आवाज सगळ्या खोलीत घुमला. शेजारच्या जाळीवरचे लोक वळले, राव नाही. म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ज्या माणसानं उभ्या जन्मात कुणाला नाही म्हटलं नाही, तो आज ऐकत नव्हता, आणि तेही तिचं!

"रुसलाय वाटतं," पहारेकरी म्हणाला.

रुसला नव्हता. रुसायला त्याला येतच नव्हतं. आईनं पाठ फिरवायला सांगितलं होतं, पण किती वेळ, ते सांगितलंच नव्हतं. दुकानाच्या दारात थांबला होता तसाच तो आताही थांबला होता. आणि वळा म्हणणारी ताई आता आपली राहिली नव्हती, मग तिचं ऐकायचं कशाला? सगळा हिशेब चोख होता. ताईला हे कळलं आणि तिनं कपाळ जाळीवर टेकवलं.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. आता तिला रडू फुटलं होतं. "शर्ट मीच पाठवला, मीच शिकवलं, आणि मीच... मला अक्कल नाही, राव. मतिमंद मीच आहे. मी आहे मतिमंद!"

स्टूल करकरलं.

"ताईला तसं म्हणायचं नाही," राव भिंतीला म्हणाला.

ताईनं कपाळ जाळीवरून उचललं.

"आई ओरडेल," तो म्हणाला. पाठ तशीच होती, पण मान थोडी कलली होती. "ताईला नाही म्हणायचं. मला नाही म्हणायचं. कुणाला नाही म्हणायचं."

"नाही म्हणणार."

"परत म्हणायचं नाही." मग त्यानं बोट वर केलं, आई करायची तसं. "समजलं?"

महिन्याभरानं तारीख होती. वकिलानं तिच्याकडून सगळं घोकून घ्यायला सुरुवातही केली होती. ताईनं पदरानं नाक पुसलं.

"हो," ती म्हणाली. "समजलं."

तेव्हा कुठे राव वळून बसला.